गेनूआबांवर विश्वास ठेवू नका

बैठकीत पोहे यायच्या आधी गेनूआबा डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे, घसा खाकरायचे आणि जमलेल्या मंडळींना सांगायचे, "पाव्हनं, एक गोष्ट पहिलीच सांगून ठिवतो. मी खोटं बोलनारा मानूस हाय. माझ्यावर इस्वास ठेवू नका. पोराची चौकशी तुमची तुम्ही करा." यावर मंडळी खो खो हसायची. मुलीचा बाप शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून म्हणायचा, "असा मोकळा मानूस पायजे बघा!" आणि त्यानंतर आबा मुलाबद्दल जे जे सांगतील ते सगळं मंडळी निमूटपणे मान्य करायची. चौकशी कुणीच करायचं नाही. आबा टोपी पुन्हा डोक्यावर ठेवायचे आणि पोह्यांकडे वळायचे.

आबा कवठे येमाईचे. कांदा हे त्यांचं पीक आणि सोयरिकी जमवणं हा त्यांचा छंद. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत लग्नाचं पोर किंवा पोरगी असलेल्या घरात त्यांचा मोबाइल नंबर देवाच्या फोटोशेजारी लिहिलेला असायचा. या कामाचा त्यांनी कधी छदाम घेतला नाही. मात्र लग्नात मध्यस्थाचा मान म्हणून टॉवेल-टोपी घ्यायचे, आणि दोन्हीकडून घ्यायचे. त्यामुळे त्यांच्या घरात जिकडे पाहावं तिकडे टॉवेल असत. खिडकीला टॉवेल, टीव्हीवर टॉवेल, धार काढायच्या आधी म्हशीची कास पुसायलाही मानाचाच टॉवेल. "आमची म्हस दोन्ही तालुक्यांची पावनी हाय," असं ते मोठ्या गर्वाने सांगायचे. गर्व त्यांना भरपूर होता. आपल्याएवढं सफाईदार खोटं पुणे जिल्ह्यात कुणी बोलत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते खरं मानायला माझी हरकत नाही.

आता मी कोण, तेही सांगतो. मी शिरूरच्या एका ज्युनियर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. हा विषय मुलं ज्ञानासाठी घेत नाहीत, पैकीच्या पैकी मार्क पडतात म्हणून घेतात. मार्क पडले की मुलं तर्कशास्त्र विसरतात आणि सुखी होतात. मी मात्र विसरू शकलो नाही, म्हणून चौतिसाव्या वर्षापर्यंत बिनलग्नाचा राहिलो. नोकरीही तासिका तत्त्वावर. वर्गात मी दरवर्षी फळ्यावर एक वाक्य लिहितो : 'हे वाक्य खोटं आहे.' ते खरं मानलं, तर ते स्वतःच म्हणतंय तसं ते खोटं ठरतं. खोटं मानलं, तर ते म्हणतंय ते बरोबर, म्हणजे खरं ठरतं. मुलं डोकं खाजवतात, मला फार आनंद होतो. मग त्याच्याखाली मी दुसरं लिहितो : 'हे वाक्य खरं आहे.' यात काही अडतच नाही. खरं मानलं तर खरं, खोटं मानलं तर खोटं, आपण मानू तसं. तोवर घंटा होते आणि या दुसऱ्या वाक्यापाशी कधी कुणी थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो.

माझा एक दोष म्हणा किंवा आजार म्हणा, मला खोटं बोलता येत नाही. यात नीतीचा काही भाग नाही. जीभच वळत नाही. एका बैठकीत मुलीच्या चुलत्यांनी विचारलं, "काही व्यसन वगैरे?" मी म्हणालो, "आजपर्यंत नाही. पुढचं कसं सांगणार?" दुसऱ्या ठिकाणी मुलीच्या आईने विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?" मी म्हणालो, "पाच मिनिटांत एवढंच सांगता येईल की नापसंत नाही." तिसरीकडे तर नुसतं 'स्वभाव कसा आहे' एवढं विचारलं होतं. मी म्हणालो, ते मी सांगून उपयोग नाही, इतरांना विचारा. त्यांनी विचारलं. घरी परतल्यावर आई पदराने डोळे पुसायची आणि म्हणायची, "अरे, हो म्हणायला काय तुझ्या जिभेला फोड येतात?" शेवटी तिनेच कवठ्याला फोन लावला.

आबा घरी आले तेव्हा त्यांनी मला गोठ्यातल्या बैलासारखं चारी बाजूंनी पाहिलं. मग आईला म्हणाले, "पोरगं देखनं हाय. फकस्त बोलायला लागलं की बिघडतं." आणि मला म्हणाले, "सर, बैठकीत तुम्ही एकच करायचं. च्या प्यायचा. तोंड च्यापुरतंच उघडायचं. बाकीचं तोंड मी उघडतो."

स्थळ यवतचं होतं. महामार्गाच्या मागच्या अंगाला त्यांचं गुऱ्हाळ, त्याला लागून घर. मुलगी अश्विनी. डी. फार्म झालेली, रस्त्यालगतच्या मेडिकल दुकानात बसायची. तिचे वडील आप्पा शांत गृहस्थ होते, पण तिचे मामा सैन्यातून निवृत्त होऊन आलेले आणि त्यांना प्रश्न विचारायची हौस. आबांनी टोपी गुडघ्यावर ठेवून नेहमीचं वाक्य म्हटलं. सगळे हसले, मामा मात्र हसले नाहीत.

"पोरगा पर्मनंट हाय का?" मामांनी विचारलं.

"व्हतच आला म्हना की," आबा म्हणाले. "आरडर तेवढी यायचीय."

मामांनी मान माझ्याकडे वळवली. "तुम्ही सांगा पाव्हनं. हे आबा खरं बोलत्यात का खोटं?"

माझ्या हातात चहाचा कप होता. तो तोंडाला लावून टाकला असता तर काही झालं नसतं. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न मला वर्गात एकाही पोराने विचारला नव्हता हो! मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "त्याचं असं आहे, आबा नेहमीच खोटं बोलत असतील, तर 'मी खोटं बोलतो' हे त्यांचं वाक्यही खोटं. म्हणजे ते कधीतरी खरं बोलतात. पण नेमकं कधी, ते त्यांच्याच बोलण्यावरून कळायला मार्ग नाही. आणि मला विचारून तरी काय होणार? मी खरा असलो तरी 'मी खरा' म्हणेन, खोटा असलो तरी 'मी खरा'च म्हणेन. तेव्हा हा प्रश्न..."

"म्हंजी पर्मनंट हाय का न्हाई?"

"नाही. तासावर आहे. ऑर्डरचं मी आत्ताच ऐकतोय."

आबा छताकडे पाहू लागले. चहावर साय धरली. आणि आतल्या खोलीतून एक हसू फुटलं. दाबून ठेवलेलं हसू अचानक सुटावं, तसं. पाठोपाठ कुणीतरी कुणाला तरी चिमटा काढल्याचा "आई गं!" असा आवाज आला.

रिवाज म्हणून मुलामुलीला बोलायला गुऱ्हाळाच्या अंगणात पाठवलं. चुलाण पेटलेलं होतं, कढईत रस उकळत होता, सगळीकडे गोड धूर. अश्विनीने ओढणीने तोंड झाकून आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाली, "घरीपण असंच बोलता?"

"हो," मी म्हणालो.

"हे खरं कशावरून?"

तर्कशास्त्राच्या माणसाला गुऱ्हाळाच्या धुरात उभा करून एका पोरीने गप्प बसवलं, आणि गप्प बसून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. मी तिथल्या तिथे तिच्या प्रेमात पडलो. पण हे तोंडाने सांगायचं म्हणजे काय? तिथून नकारच येणार याची मला खात्री होती. नकार येणार असताना आपण होकार कळवून ठेवला, तर चारचौघांत तोंडघशी पडणार. परतताना चौफुल्याला रसवंतीवर थांबलो तेव्हा आबांनी विचारलं, "मग सर, व्हय कळवू?" मी म्हणालो, "आधी त्यांचं काय ते येऊ द्या."

तिकडे अश्विनीनेही आईला तेच सांगितलं होतं, "आधी त्यांचं काय ते येऊ दे." पण ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन-तीन दिवसांनी भर दुपारी, मी अकरावीच्या वर्गातून बाहेर पडत असताना आबांचा फोन आला. "सर, व्हकार आला! पोरगी म्हंती, करीन तर याच्याशीच, न्हाईतर गुऱ्हाळावर गूळ ढवळत बशीन." आता तुम्ही म्हणाल, या माणसाने स्वतःच्या तोंडाने स्वतःला खोटारडा म्हटलेलं मी ऐकलं होतं. मी निदान 'कुणाला म्हणाली, कधी म्हणाली' एवढं तरी विचारायला हवं होतं. मी काहीही विचारलं नाही. कॉलेजच्या व्हरांड्यात उभा राहून "माझाही हो आहे, आबा, माझाही!" असं इतक्या मोठ्यांदा ओरडलो की स्टाफरूममधून दोघं बाहेर आले. मला वाटलं, जग किती सोपं आहे.

महिन्याभरात सुपारी फुटली आणि पुढे लग्न झालं. आबांना दोन्हीकडून टॉवेल-टोपी मिळाली. मामांनीच ती त्यांच्या डोक्यावर ठेवली. आई त्या दिवशी इतकी रडली की फोटोग्राफरला वाटलं हीच मुलीची आई.

संसाराचे पहिले काही महिने बरे गेले. अश्विनीला शिरूरमध्येच एका मेडिकलमध्ये काम मिळालं. मग एका रविवारी तिने भरली वांगी केली आणि विचारलं, "कशी झालीत?" मी मीठ, तेल आणि शेंगदाण्याचं कूट या तिन्हींविषयी माझं प्रामाणिक मत सांगितलं. तिने पळी ओट्यावर आपटली.

"एवढी नावं ठेवायची होती तर आधी होकार कशाला पाठवलात?"

"आधी?" मी म्हणालो. "आधी तर तुझा आला."

"माझा? काहीतरीच! आबांचा फोन आला होता आमच्याकडे. म्हणाले, पोरगं म्हनतंय लगीन केलं तर हिच्याशीच, न्हाईतर जन्मभर फळा पुसत बसंल. म्हणून मी हो म्हटलं."

दोघंही वांग्यांकडे पाहत उभे राहिलो. मला आधी हसूच आलं, पण तिला आलं नाही. ती ओट्याला टेकून हळूच म्हणाली, "म्हणजे मला कुणी मागितलंच नव्हतं." मी घाईघाईने सांगू लागलो की मनातून मी त्याच दिवशी, गुऱ्हाळापाशीच... पण आता ते कोण खरं मानणार? आधी सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. आणि मला तरी कुणी मागितलं होतं? दिवसभरात आईने दोनदा विचारलं, काय झालं. मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा तिने कपाळावर हात मारला.

पुढच्या रविवारी आम्ही मोटारसायकलवरून मलठणमार्गे कवठ्याला गेलो. आधी हो कुणी म्हटलं, हे एका माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस पुणे जिल्ह्यातला सर्वांत सफाईदार खोटं बोलणारा होता. त्याच्याकडे आम्ही खरं विचारायला निघालो होतो. वाटेत हे माझ्या लक्षात आलं. मागे बसलेल्या अश्विनीने खांद्यावर हात ठेवला नव्हता, कॅरिअरला धरलं होतं.

आबा कांद्याच्या चाळीपुढे बसून सडका कांदा निवडत होते. शेजारी त्यांची मंडळी, गंगूआजी, गोणी शिवत होत्या. आबांनी आमचे चेहरे पाहिले आणि हातातला कांदा खाली ठेवला.

"आबा, आधी होकार कुणी दिला ते सांगा," अश्विनी म्हणाली.

"सांगतो की. इस्वास ठेवनार का?"

"नाही."

"मग पेट्रोल जाळत कशाला आलात?"

गंगूआजींना हसू आलं, पण अश्विनीच्या डोळ्यांत पाणी पाहून त्यांनी सुई पुन्हा गोणीत घातली. आबांनीही ते पाहिलं. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बस पोरी. कुनीच दिला नव्हता. मी खोटं बोललो. दोघांशी बी. आता हे तरी खरं मान."

"का पण?" ती म्हणाली.

"आगं, पहिलं व्हय कुनीतरी म्हनावं लागतं. त्यो म्हननारा जरा खाली येतो. समोरच्यानं न्हाई म्हटलं तर तोंड कुठं दाखवायचं? ह्याला त्येची भीती, तुला त्येची भीती. दोघं बी दारामागं हुबं राहून वाट बघताय. मग म्हनलं आपनच म्हनावं दोघांच्या वतीनं. माझी कसली इज्जत जातीय? ती कवाच गेलीया." ते अश्विनीकडे वळले. "तू त्या दिशी आत हसलीस ना, ते मी ऐकलं व्हतं. आन् ह्या सरांनी चौफुल्यापसनं शिरूरपतोर एक शब्द काढला न्हाई. ह्यो मानूस गप बसला! तवाच वळखलं. त्या दिशी ते खोटं व्हतं, पोरी. आज खोटं हाय का, ते तू सांग."

अश्विनीने माझ्याकडे पाहिलं. मला फळ्यावरचं ते दुसरं वाक्य आठवलं, मानू तसं खरं होणारं. मी म्हणालो, "तर्काच्या दृष्टीने पाहिलं तर..."

"सर," आबा म्हणाले, "च्या प्या."

चहा पिताना मला उघड्या दारातून घरातल्या भिंतीवर खुंटीला अडकवलेला एक टॉवेल दिसला. कोरा, घडीसुद्धा न मोडलेला, वर धूळ. बाकी टॉवेलांची ती दशा आणि हा एकटा असा का, म्हणून मी विचारलं. उत्तर गंगूआजींनी दिलं. फार वर्षांपूर्वी आबांनी एका पोराची सोयरीक जमवताना सांगितलं होतं की पोराने दारू सोडलीय. पोरगी बघून सोडेल, बोललो की खरं होईल, असं त्यांना मनापासून वाटलं होतं. पोराने सोडली नाही. पोरगी मार खाऊन माहेरी आली, ती कायमची. हा त्या लग्नातला मानाचा टॉवेल.

"त्यो शब्द खरा झाला न्हाई," आबा कांद्याकडे बघत म्हणाले. "तवापासनं मी परतेक बैठकीत आधी सांगतो, माझ्यावर इस्वास ठेवू नका, चौकशी करा. आगदी कळकळीनं सांगतो. आन् लोकं हसत्यात! सर, जन्मभर खोटं बोललो, ते समद्यांनी खरं मानलं. ह्ये येक खरं बोलतो, तर ह्येच कुनी मानीत न्हाई. तुमच्या त्या फळ्यावर ह्याला काय उत्तर हाय का?"

मी इतकी वर्षं 'हे वाक्य खोटं आहे' असं फळ्यावर लिहून मार्क वाटत होतो, आणि इथे एक माणूस त्या वाक्यात अडकून राहत होता. मला त्यांची फार माया वाटली. परतीच्या वाटेवर अश्विनीने कॅरिअर सोडून माझा खांदा धरला. मलठणच्या चढाला म्हणाली, "वांग्यात मीठ खरंच कमी होतं का?" मी म्हणालो, "हो." ती हसली.

आबांचं दुखणं गेल्या हिवाळ्यात निघालं. पोट दुखतं म्हणायचे, मग अन्न जाईना. शिरूरच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला, पोपटला, बाजूला घेऊन सांगितलं की आता काही करण्यासारखं उरलेलं नाही, चार दिवसांनी घरी घेऊन जा. पोपटने ते आम्हाला सांगितलं आणि बजावलं की आबांना आणि गंगूआजींना कळता कामा नये. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. सगळी आबांनीच जमवलेली जोडपी, काहींची तर नातवंडंही. प्रत्येक जण सांगायचा, "आबा, काय न्हाई झालं तुम्हाला, आठ दिसांत हिंडाल." आबा मान डोलवायचे.

मी सकाळच्या तासांनंतर गेलो. अश्विनी दुकानातून परस्पर आलेली. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच मी तिला म्हणालो, "त्यांनी मला विचारलं तर?" तिने माझ्याकडे पाहिलं. "दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतं, ताई, या गोळीने बरं वाटेल ना? मी वाटेल म्हणते. मला काय माहीत असतं? पण माझं 'वाटेल' ऐकूनच निम्म्यांचा चेहरा सुधारतो." मी म्हणालो, पण हा तसा प्रकार नाही. ती म्हणाली, "नाही. हा तसा नाही," आणि डोळे पुसले.

आबा उशीला टेकून बसले होते. अंगाने निम्मे झालेले. गंगूआजी औषध आणायला खाली गेल्या होत्या. आबांनी मला जवळ बसवलं.

"सर, समदे सांगत्यात बरा व्हशील. समदे खोटं बोलत्यात. आन् काय झ्याक बोलत्यात! माझ्याच हाताखालची मान्सं. पन मला कळतं ना. येक तुम्हीच असं हाय की ज्याला खोटं येत न्हाई. म्हनून तुम्हाला इचारतो. मी बरा व्हनार का?"

खोलीत पंखा फिरत होता. आयुष्यभर ज्या एका गोष्टीची मी मिजास केली, तीच आता मला नकोशी झाली. त्यांना खरं हवं होतं की नको होतं, ते त्यांच्या डोळ्यांवरून कळेना. अश्विनीचा हात माझ्या पाठीवर होता. मी म्हणालो, "हो आबा. बरे व्हाल. कांदा काढायच्या आत घरी असाल."

आवाज चिरकला. मान खाली गेली. कानशिलं तापली. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं सगळं अंग हलू लागलं. मला वाटलं, कळ आली. पण ते हसत होते.

"लई वाईट खोटं बोलता, सर," ते म्हणाले. "तुम्हाला पोरगी दिली तरी कुनी?"

मी हसलो आणि रडलो, दोन्ही एकदमच. त्यांनी माझा हात थोपटला. तेवढ्यात गंगूआजी औषधाची पिशवी घेऊन दारात आल्या. आबांनी मान वळवली आणि एकदम जुन्या, बैठकीतल्या आवाजात म्हणाले, "ऐकलं का गं? सर म्हनत्यात मी बरा व्हनार. आन् सर खोटं बोलत न्हाईत, ह्ये तुला ठावं हाय."

आजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलवली. आजी म्हणाल्या, "मग झालं. सर म्हनले म्हंजी झालं." आणि डबा उघडून त्या भाकरी खाऊ लागल्या. पोपट नंतर म्हणाला की आबांना दवाखान्यात आणल्यापासून आईने त्यांच्यासमोर खाल्लेली ती पहिली भाकरी. आबा तिच्याकडे बघत बघत झोपी गेले.

घरी नेल्यावर थोड्याच दिवसांत आबा गेले. कांदा शेतातच उभा होता.

दहाव्याला कवठ्याला एवढी माणसं आली की गाड्या लावायला जागा उरली नाही. विधी झाल्यावर दुखवट्याचं टॉवेल-टोपी देणं चाललं होतं. मी मागे उभा होतो. गंगूआजींची नजर चुकवत होतो, खरं सांगायचं तर. माझ्या शब्दावर त्या विसंबल्या आणि मी त्यांना फसवलं, हे मनातून जात नव्हतं. आजींनीच मला आत बोलावलं.

मी म्हणालो, "आजी, मी त्या दिवशी..."

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "पोपटचं तोंड बघूनच कळलं व्हतं पहिल्या दिशी. पन मला कळलंय ह्ये त्यांना कळलं असतं, तर त्यांचा जीव अडकला असता. म्हनून म्हनलं, सर म्हनले म्हंजी झालं. आन् भाकर खाल्ली. गिळत नव्हती, पन खाल्ली. त्यांना वाटलं, हिला खरं वाटतंय. निवांत गेले."

त्यांनी पेटीतून एक कोरा टॉवेल आणि टोपी काढली. मला वाटलं, दुखवट्याचं. मी हात जोडले, म्हणालो, मी भावकीतला नाही.

"दुखवट्याचं न्हाई," आजी म्हणाल्या. "मानाचं हाय. आमच्या दोघांच्या मधी तुम्हीच व्हतात ना?" आणि माझ्या खांद्यावर टॉवेल टाकून त्यांनी टोपी माझ्या डोक्यावर ठेवली.

टोपी मला सैल होते, कानांवर येते. अश्विनी म्हणते, शोभते. हे खरं कशावरून, असं मी अजून विचारलेलं नाही.